पेशीचं शिवणकाम: पेशीअंगके पहिल्यांदा शिकवणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी मी पेशी शिकवली ती शहराच्या उपमेने. फळ्यावर दोन रकाने आखले. तंतुकणिका म्हणजे वीजकेंद्र, केंद्रक म्हणजे नगरपालिका, लयकारिका म्हणजे कचरा डेपो. मुलांनी भराभर उतरवून घेतलं आणि चाचणीत 'तंतुकणिकेचे कार्य लिहा' हे जवळजवळ सगळ्यांना आलं. त्याखालचा प्रश्न होता, स्नायूपेशीत तंतुकणिका जास्त का असतात? बहुतेकांनी तो कोरा सोडला. एकाने लिहिलं, 'कारण ते शहर मोठं असतं.' त्या मुलाने उपमा मनापासून वापरली होती. चूक माझी होती. मी त्यांना जोड्या दिल्या होत्या, त्या जोड्यांमागे चालणारं काम दिलंच नव्हतं.

म्हणून पुढच्या वर्षी मी उपमा बदलली, आणि उपमेपेक्षाही ती मांडायची रीत बदलली. कपडे शिवून देणारं वर्कशॉप घेतलं. ते निवडायचं कारण एकच: तिथे एक ऑर्डर हातोहात पुढे सरकते. अंगकांची, म्हणजे पेशीच्या आतल्या वेगवेगळी कामं करणाऱ्या भागांची, नावं घोकण्यापेक्षा मुलांनी त्या ऑर्डरच्या मागे चालत जावं, असं मला वाटत होतं. तुम्ही दुसरी कुठलीही उपमा घ्या, पण तिच्यात असा एक प्रवास आहे का, एवढं आधी तपासा.

पहिली पंधरा मिनिटं मी पेशीचा शब्दही काढत नाही. वर्गात कागदाचं वर्कशॉप थाटते. एका कपाटात कटिंग मास्तरांचे मूळ नमुने आहेत. नियम असा की मूळ नमुना कपाटाबाहेर जायचा नाही. हवा असेल तर त्याची नक्कल ट्रेस करून न्यायची, आणि ती नक्कल थोडा वेळ वापरून झाली की फाडून टाकायची. बाहेर लांबच्या लांब टेबलावर कारागीर ओळीने बसलेत. नक्कल वाचायची आणि सांगितलेल्या क्रमाने तुकडे जोडत जायचं, एवढंच त्यांचं काम. पुढच्या टेबलावर काज-बटण, जास्तीचं कापड कातरणं, इस्त्री, घडी आणि शेवटी पत्त्याची चिठ्ठी. चिठ्ठी पाहून माल पिशवीत जातो. दाराशी एक जण उभा आहे. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर सोडायचं हे तो बघतो. कोपऱ्यात बिघडलेले कपडे उसवून धागा पुन्हा वापरायला देणारा माणूस आहे.

मग मी ऑर्डर देते: इन्सुलिन. आता मात्र खरी नावं येतात आणि ती मुलांना आपसूक हवी असतात, कारण कुठलं काम कुणाचं हे त्यांनी हाताने केलेलं असतं. कपाट म्हणजे केंद्रक, नमुना म्हणजे डीएनएतला जनुक, नक्कल म्हणजे एमआरएनए, कारागीर म्हणजे रायबोझोम. लांब टेबल ही खडबडीत आंतर्द्रव्यजालिका, काज-इस्त्री-चिठ्ठीचं टेबल हे गॉल्गी संकुल, उसवणारा माणूस म्हणजे लयकारिका. इन्सुलिन निवडण्यामागे हेतू आहे. त्याची साखळी आधी लांब तयार होते आणि बाहेर पडण्याआधी मधला तुकडा कापून टाकला जातो. उरतात ती ५१ अमिनो आम्लं. 'जास्तीचं कापड कातरणं' हा खेळातला भाग नुसता सजावटीचा राहत नाही.

या प्रवासाला पुरावा आहे, तोही सांगाच. पेशीशास्त्रज्ञ जॉर्ज पलाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडातल्या पेशींना अगदी थोडा वेळ किरणोत्सारी अमिनो आम्लं दिली आणि ती पुढे कुठे पोचतात ते पाहिलं. सुमारे ३ मिनिटांत खूण जालिकेत दिसली, मग गॉल्गीजवळ, आणि साधारण २ तासांनी साठवणीच्या कणांत. पलाडे यांना १९७४ चं नोबेल मिळालं ते अशा कामासाठी. माझ्या वर्गात हा भाग ऐकताना मुलं शांत होतात. ऑर्डरच्या मागे चालत जाणं हा नुसता खेळ नव्हता, खऱ्या संशोधकांनीही तेच केलं होतं, हे त्यांच्या लक्षात येतं.

तंतुकणिकेला नुसतं 'वीजकेंद्र' म्हणू नका, असं मी आग्रहाने सांगेन. वर्कशॉपमधली प्रत्येक कात्री, प्रत्येक मशीन चार्ज होणाऱ्या छोट्या बॅटरीवर चालते, असं मी सांगते. बॅटरी उतरली की चार्जिंगला जाते आणि भरून परत येते. भरलेली बॅटरी म्हणजे एटीपी हा रेणू, उतरलेली म्हणजे एडीपी, आणि चार्जिंगचा बोर्ड म्हणजे तंतुकणिका. मग 'ज्या वर्कशॉपमध्ये मशीन दिवसभर धावतात तिथे चार्जिंगचे बोर्ड किती लागतील?' असं विचारलं की स्नायूपेशीचं उत्तर मुलंच देतात. शिवाय ही बोर्डांची गोष्ट अनेकवचनी आहे. पुस्तकातल्या चित्रात दोन-तीन तंतुकणिका काढलेल्या असतात, पण यकृताच्या एका पेशीत त्या हजार ते दोन हजार असतात. रायबोझोम तर लाखोंनी. हा आकडा न सांगता सोडला तर मुलांच्या डोक्यात पेशी म्हणजे सात-आठ वस्तू ठेवलेली थाळी होऊन बसते.

यानंतरचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो: एकेकाला कामावरून उठवायचं. चिठ्ठी लावणाऱ्याला बाहेर बोलावलं की काय होतं? उसवण्यासाठी लागणाऱ्या कात्र्यासुद्धा याच वर्कशॉपमध्ये बनतात आणि चिठ्ठीवरचा पत्ता वाचूनच त्या कोपऱ्यात पोचतात. चिठ्ठी नाही म्हटल्यावर त्या दारातून बाहेर जातात आणि कोपऱ्यात चिंध्यांचा ढीग साचतो. मुलं इथवर स्वतः येतात. मग मी सांगते की हे खरंच घडतं. आय-सेल नावाच्या दुर्मिळ आनुवंशिक आजारात गॉल्गी संकुलात विकरांवर, म्हणजे उसवण्याच्या त्या कात्र्यांवर, लागणारी पत्त्याची खूण लागत नाही. विकरं लयकारिकेत न जाता पेशीबाहेर टाकली जातात आणि लयकारिकांमध्ये न पचलेला माल साठत जातो. हे सांगताना आवाज थोडा खाली आणावा, कारण ती लहान बाळांना होणारी व्यथा आहे.

आता उपमा कुठे तुटते ते. यासाठी मी अर्धा तास वेगळा ठेवते आणि नवीन शिक्षकांनी तो अजिबात कापू नये.

मुलं पहिल्यांदा विचारतात, 'मालक कुठे बसतो?' मालक नाही. केंद्रक हे कपाट आहे, साहेबाची खुर्ची नाही. कुठला नमुना कधी बाहेर काढायचा हे बाहेरून येणाऱ्या संकेतांवर आणि आतल्या परिस्थितीवर ठरतं. तांबड्या रक्तपेशीचं उदाहरण इथे फार कामाला येतं: आपल्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, तरी ती साधारण १२० दिवस ऑक्सिजन वाहते. कपाट गेलं म्हणजे काम लगेच थांबत नाही. नवी शिलाई मात्र होत नाही आणि झीज भरून निघत नाही.

दार आणि भिंतीची कल्पनाही सोडवावी लागते. पेशीचं बाहेरचं आवरण, म्हणजे प्रद्रव्यपटल, घट्ट भिंतीसारखं नाही. मेदरेणूंच्या दुहेरी थरात प्रथिनं सरकत असतात, हे चित्र सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडलं. तंतुकणिकेकडे स्वतःचा छोटा डीएनए असतो, माणसात ३७ जनुकांचा. म्हणजे चार्जिंगच्या बोर्डाला स्वतःचं कपाट! वर्कशॉपमध्ये याला जागाच नाही, आणि ती ओढूनताणून काढू नये. वनस्पतीपेशीची पेशीभित्तिका आणि हरितलवकं मी या उपमेत बसवतच नाही, त्यांना वेगळा तास देते.

दुसऱ्या दिवशी एक कोरा कागद देते: इन्सुलिनचा प्रवास लिहा, शिवणकामाचा एकही शब्द न वापरता. कुणाला उपमेतून बाहेर पडता आलं आणि कुणाच्या कागदावर अजून फक्त टेबलं आणि चिठ्ठ्या आहेत, हे तिथे लगेच कळतं. चाचणीआधी मला मिळणारी ही सगळ्यात उपयोगी माहिती असते.

गेल्या वर्षी असाच कागद लिहिता लिहिता एक मुलगी थांबली आणि म्हणाली, 'मॅडम, वर्कशॉप मशीन विकत आणतं. पेशी रायबोझोम कुठून आणते?' मी खडू खाली ठेवला. माणसाच्या रायबोझोममध्ये सुमारे ८० प्रथिनं असतात, ती आधीचे रायबोझोमच बनवतात, आणि मग केंद्रकीमध्ये, म्हणजे केंद्रकाच्या आतल्या एका दाट भागात, त्यांची आरएनएशी जुळणी होते. नवं मशीन जुनी मशीन मिळून घडवतात. 'मग सगळ्यात पहिलं मशीन कुणी केलं?' मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला. तास संपायला चार मिनिटं होती. आम्ही तो प्रश्न फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला, आणि वर्ष संपेपर्यंत तो कुणी पुसला नाही.