गल्फला कामाला निघताय? निघायच्या आधी एवढं उरकून घ्या

माझा भाचा सौदीला निघालाय, इलेक्ट्रिशियन म्हणून, पहिलीच टूर. गेल्या रविवारी व्हिसाची पीडीएफ मोबाईलवर घेऊन आला आणि म्हणाला मामा सगळं झालंय, आता फक्त तिकीट बाकी. म्हटलं दाखव जरा. व्यवसायाच्या रकान्यात अरबीत जे लिहिलं होतं ते वाचलं, अकरा वर्षं तिकडे काढल्यावर तेवढं अरबी येतंच, तर तिथे होतं आमिल आदी. म्हणजे साधा मजूर. ऑफर लेटरवर इलेक्ट्रिशियन आणि व्हिसावर मजूर. एजंटला फोन लावला तर म्हणतो काही फरक पडत नाही, तिकडे गेल्यावर चेंज होतं. मग खोदून विचारल्यावर कळलं की सौदीने आता इलेक्ट्रिशियन, प्लंबर वगैरे कामांना इथेच स्किल टेस्ट लावलीये आणि त्या टेस्टची कटकट नको म्हणून याने परस्पर मजूर टाकून दिलं. फरक पडतो हो. इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या राहण्याच्या परवान्यावर, जे काम लिहिलंय त्याच्यापेक्षा वेगळं काम करताना सापडलात तर तिकडे तो गुन्हा धरतात, आणि पगारावरून वाद झाला तर समोरचा माणूस कागद बघतो, तुमच्या हातातली कला बघत नाही. त्या रात्री बसून भाच्यासाठी यादी केली, तीच इथे टाकतोय. लांबलीये, पण वाचा.

पहिलं काम म्हणजे व्हिसा हातात आला की त्यातलं अरबी वाचता येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यायचं, एजंटकडून नाही, दुसऱ्या कुणाकडून तरी. कामाचं नाव, कंपनीचं नाव आणि व्हिसा नक्की कसला आहे, कामाचा की व्हिजिट. या तीन गोष्टी ऑफर लेटरशी आणि कॉन्ट्रॅक्टशी जुळल्याच पाहिजेत. एक जरी जुळत नसेल तर थांबा, तारीख पुढे गेली तरी चालेल.

मग पासपोर्ट उघडा आणि त्यावर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) छापलंय का बघा. दहावी पास नसाल तर बहुतेक असेल. असेल तर सौदी, यूएई, कतार, कुवेत, ओमान, बहरीन धरून एकूण १८ देशांत नोकरीला जाताना सरकारचा एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, १९८३ च्या कायद्याने. हे काम ई-मायग्रेट पोर्टलवरून होतं आणि मुंबईत त्यांचं ऑफिस बीकेसीला विदेश भवनात आहे. आपल्याकडे सगळे हा शिक्का म्हणजे लचांड समजतात, एजंट तर तसंच सांगतात. पण त्या क्लिअरन्समुळेच तुमची कंपनी कुठली, पगार किती ठरला, कॉन्ट्रॅक्ट कसलं हे सगळं सरकारी नोंदीत चढतं. उद्या चार महिने पगार थकला आणि तुम्ही दूतावासाच्या दारात उभे राहिलात तर ती नोंद तुमच्या बाजूने बोलते. आणि दहावी पास असाल, पासपोर्टवर काही छापलेलं नसेल, तर क्लिअरन्स लागत नाही, पण मग तुमची कुठे नोंदच नसते. २०१८ मध्ये सरकारने अशा लोकांनाही नोंदणी सक्तीची करायचं जाहीर केलं होतं, १ जानेवारी २०१९ पासून, पण आरडाओरडा झाला आणि ते बाजूला ठेवलं. माझ्या मते ते व्हायला हवं होतं. असो, नोंदणी स्वतःहून करता येते, करून टाका. भाचा दहावी नंतर आयटीआय, म्हणजे याच गटातला, त्याची मी समोर बसवून करून घेतली.

व्हिजिट व्हिसावर कामाला जायचं नाही. हे मी परत परत लिहीन. एजंट म्हणतो आधी टुरिस्ट म्हणून जा, तिकडे कामाचा करून देतो. ज्या क्षणी तुम्ही टुरिस्ट म्हणून विमानात बसता त्या क्षणी क्लिअरन्स गेला, विमा गेला, कॉन्ट्रॅक्टची नोंद गेली, तुम्ही तिथे कामगार आहात हे सांगायला एकही कागद उरत नाही. थायलंडला डेटा एंट्रीच्या नोकरीच्या नावाखाली पोरं नेली आणि तिथून सीमेपलीकडे म्यानमारात सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडून ठेवली, ते असंच. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी ५४९ जणांना परत आणावं लागलं. विमानतळावर विचारलं तर फिरायला चाललोय सांग, असं एजंट शिकवायला लागला की समजून जा आणि घरी परत या.

आता एजंट. परदेशी कामाला माणसं पाठवायला लायसन्स लागतं, आरए म्हणजे रिक्रूटिंग एजंट, आणि त्यांची यादी ई-मायग्रेटवर कुणालाही बघता येते. लायसन्स चालू आहे की रद्द झालंय तेही दिसतं. फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० झाले, त्याच्यावर एक रुपया नाही आणि पावती घ्यायची. गावातला जो 'आपला माणूस' असतो, लग्नात भेटतो, घरी येऊन चहा घेतो, त्याच्याकडे लायसन्स नसतं, तो सब-एजंट, आणि सब-एजंट कायद्यात बसतच नाही. मी २००८ मध्ये गेलो तेव्हा अशाच एकाने ८५ हजार घेतले होते. पावती नाही काही नाही. आईने पाटल्या मोडल्या होत्या. पहिले चौदा महिने मी फक्त ते फेडत होतो, आणि फेडायचंय म्हणूनच कंपनी वाईट आहे हे कळूनसुद्धा तिथून हलता आलं नाही. कर्ज काढून गेलेला माणूस तिकडे कुणाला नाही म्हणू शकत नाही. कमी पैशात जाणं हीच सगळ्यात मोठी तयारी आहे.

कॉन्ट्रॅक्टमध्ये सगळे एकच आकडा बघतात, एकूण पगार. तुम्ही बेसिक किती ते विचारा. यूएईचं उदाहरण देतो. दोघांना १,५०० दिरहम पगार. एकाचं बेसिक १,५००, दुसऱ्याचं ८०० आणि बाकी अलाउन्स. दर महिन्याला हातात सारखेच. पण नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती बेसिकवर, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांची. म्हणजे पाच वर्षांनी पहिल्याला ५,२५० आणि दुसऱ्याला २,८००. ओव्हरटाइमसुद्धा बेसिकवरच निघतो, त्यामुळे तो फटका दर महिन्याला बसतो. सौदीत हिशोब वेगळा, पहिली पाच वर्षं वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार आणि त्यापुढे पूर्ण महिन्याचा. कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान बेसिक १,००० रियाल आहे आणि कंपनी राहायला खायला देत नसेल तर ५०० आणि ३०० वेगळे. त्याशिवाय खोली कुणाची, जेवण कुणाचं, तिकीट किती वर्षांनी आणि एकतर्फी की दोन्हीकडचं, हे लिहिलेलं पाहिजे. तोंडी सांगितलेलं काहीही धरू नका.

मेडिकल गल्फ देशांनी मान्य केलेल्या सेंटरमध्येच होतं, पूर्वी गामका म्हणायचे आता वाफिदवरून अपॉइंटमेंट घेतात. लहानपणी टीबी होऊन गेला असेल तर छातीच्या एक्स-रेमध्ये जुना डाग दिसतो आणि अनफिट करतात. म्हणून इथली नोकरी सोडायच्या आणि पैसे भरायच्या आधी स्वतःच्या खर्चाने एक साधा एक्स-रे काढून डॉक्टरला दाखवा. सर्टिफिकेटचं अटेस्टेशन वेळ खातं, ते लवकर सुरू करा. सौदी डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल, म्हणजे आपल्या परराष्ट्र खात्याचा एकच शिक्का, चालवून घेतं, यूएईला अजून दूतावासाचा शिक्का लागतो.

ईसीआरवाल्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५ आणि वर टॅक्स, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. पॉलिसीचा कागद स्वतःजवळ ठेवून काही उपयोग नाही, तो घरी ठेवायचा, नॉमिनीच्या हातात. एजंट बरेचदा पॉलिसी काढतो पण घरच्यांना माहीतच नसतं. जायच्या आधीचं एक दिवसाचं ट्रेनिंगही असतं, फुकट, त्याला जा.

घरी एक वही करून ठेवा. त्यात कंपनीचं पूर्ण नाव, कॅम्प कुठल्या एरियात, पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, दूतावासाचा नंबर, सरकारची फुकट हेल्पलाइन १८०० ११ ३०९०, आणि तक्रार करायला मदद नावाचं पोर्टल. बायकोला किंवा आईला ही वही समजावून सांगा, नुसती कपाटात ठेवू नका. आमच्या शेजारची एक बाई तीन महिने नवऱ्याचा फोन लागत नाही म्हणून फिरत होती आणि तिला कंपनीचं नाव विचारलं तर तिला फक्त 'दुबई' एवढंच माहीत होतं. तो दुबईत नव्हताच, ओमानमध्ये होता.

बँकेत सांगून आपलं साधं खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं इकडच्या पैशाचं खातं) करायचं आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं उघडायचं, त्याच्या व्याजावर इकडे टॅक्स नाही. हुंडीने दोन रुपये जास्त मिळतात म्हणून तिकडे वळू नका, पैसे बुडाले तर कुणाकडे जाणार. जमिनीचं, वारसनोंदीचं काही अडकलं असेल तर मुखत्यारपत्र आत्ताच करून ठेवा, तिकडून करायला गेलं की सुट्टी काढून दूतावासात खेटे मारावे लागतात.

बॅग भरताना आईला एक गोष्ट नीट सांगा. अनारसे देऊ नको. खसखस यूएई आणि सौदीत अमली पदार्थात धरतात, थोडी सापडली तरी जेलपर्यंत प्रकरण जातं. माझ्या आईला हे पटायला वेळ लागला, ती म्हणाली अगं बाई देवाला दाखवतो तो पदार्थ, त्यात कसला नशा. खोकल्याची आणि दुखण्याची औषधंही बघून घ्या, कोडीन किंवा ट्रामाडॉल असेल तर नेऊच नका, बाकीची प्रिस्क्रिप्शनसकट. आणि कुणाच्या मित्राचं पार्सल घेऊन जायचं नाही, कितीही ओळखीचा असू दे.

पोचल्यावर पासपोर्ट मागतील. नोंदणीसाठी द्यावा लागतो, पण काम झालं की परत मागा, कंपनीने ठेवून घेणं सौदीतही आणि यूएईतही बेकायदेशीर आहे. सौदीत इकामा ९० दिवसांच्या आत निघाला पाहिजे आणि त्याचा खर्च कंपनीचा, पगारातून कापत असतील तर लिहून ठेवा. अबशेर आणि किवा ही सौदी सरकारची दोन्ही ॲप स्वतःच्या मोबाईल नंबरवर उघडा, सुपरवायझरच्या नाही, किवावर तुमचं कॉन्ट्रॅक्ट तुम्हाला दिसतं. मार्च २०२१ पासून तिथे बहुतेक कामगारांना एक्झिट-रीएंट्री, म्हणजे सुट्टीला जाऊन परत यायची परवानगी, स्वतः अर्ज करून घेता येते, पण घरकामाच्या व्हिसावर असलेले आणि घरचे ड्रायव्हर त्यात नाहीत, तेव्हा तसा व्हिसा असेल तर दहादा विचार करा. कुवेतने उलटं केलंय, १ जुलै २०२५ पासून खाजगी कंपनीतल्या परदेशी माणसाला देश सोडताना कंपनीची परवानगी लागते.

खोलीत सामान टाकल्यावर सगळ्यात आधी बाहेर पडायचे रस्ते बघा. किती जिने, दुसरा दरवाजा उघडतो का, खिडकीला जाळी आहे का. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली, आपले चाळीसहून जास्त जण गेले, बरेचसे धुरात गुदमरून. झोपेत होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला हे सांगतोच. आणि उन्हाळ्यात दुपारची सुट्टी मागायला लाजू नका, सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर १२ ते ३ उन्हातलं काम बंद असतं, यूएईत त्याच तारखांना साडेबारा ते ३, तो कायदा आहे, मुकादमाची मेहरबानी नाही.

खोलीत सगळे आपल्याच जिल्ह्यातले असावेत असा हट्ट धरू नका. मी पहिली दोन वर्षं तसाच राहिलो आणि तिथल्या कुणाशी बोलता येईना. नंतर एका नेपाळी फोरमनने मला अरबी आकडे शिकवले, पेस्लिप वाचायला, आणि तेव्हा कळलं की माझे ओव्हरटाइमचे तास दर महिन्याला कमी लागतायत. आकडे, आपलं नाव, आपल्या कामाचं नाव आणि पगार हा शब्द, एवढं अरबी पहिल्या महिन्यात वाचता आलं पाहिजे. महाराष्ट्र मंडळ असेल तर जा, तिथे शिकलेले, मोठ्या पोस्टवरचे लोक भेटतात, बुजू नका, अडचणीत दूतावासात कुणाला भेटायचं हे त्यांना माहीत असतं. दूतावासाकडे २००९ पासून वेल्फेअर फंडही आहे, अडकलेल्या माणसाच्या तिकिटाला, राहायला, मृतदेह परत आणायला. मागितला तरच मिळतो. केरळने १९९६ मध्येच परदेशी गेलेल्यांसाठी स्वतंत्र खातं काढलं, म्हणून त्यांचा माणूस तिकडे बावरत नाही, कुठे जायचं त्याला माहीत असतं. आपल्या कोकणातून इतक्या पिढ्या गेल्या आणि आपण अजून एकमेकांना विचारत विचारत जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परत यायची तयारी जातानाच करा. प्रत्येक पेस्लिपचा फोटो काढून घरी पाठवा, एकही चुकवू नका. फायनल एक्झिटच्या, म्हणजे नोकरी संपवून कायमचं निघायच्या, वेळी घाई करतात, विमान रात्री असतं आणि सही संध्याकाळी मागतात, तो कागद अरबीत असतो आणि त्यात सगळे पैसे मिळाले असं लिहिलेलं असतं. पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही करू नका. मी केली होती, दोन महिन्यांचा पगार राहिला तो राहिलाच.

भाच्याने तो व्हिसा नाकारलाय. एजंट चिडलाय, बहीण म्हणते तू पोराचं चाललेलं काम थांबवलंस. टेस्टची तारीख मिळालीये, रोज संध्याकाळी वायरिंगचा सराव करतो, आणि मी त्याला रोज पाच अरबी शब्द लिहून देतो.