कुत्र्याचं पोर्ट्रेट मोकळ्या फटकाऱ्यांत रंगवताय? या चुका टाळा

ब्रशचा मोकळा फटकारा म्हणजे घाईचा फटकारा, हा समज आधी सोडा. खालची मांडणी पक्की असेल तरच वरचे फटकारे मोकळे शोभतात.

चित्र बिघडतं ते बहुधा सुरुवातीलाच केस काढायला घेतल्यामुळे. बारीक ब्रशने एकेक केस ओढला की कुत्रा पेंढा भरल्यासारखा दिसतो. डोळे किलकिले करून बघा: गडद कुठे, मध्यम कुठे, उजेड कुठे. हे तीनच भाग मोठ्या चपट्या ब्रशने भरा. केस सुचवायचे ते कानाच्या कडेला आणि गळ्याखाली, दोन-चार फटकाऱ्यांत. दिशा मात्र केसांचीच हवी: नाकाडावरून कपाळाकडे, गालावरून मागे.

फोटो भर दुपारी वावरात काढू नका. डोळे काळ्या सावलीत बुडतात, कपाळ पांढरंफटक पडतं. सकाळी छपरीत, बाजूने उजेड येईल असं बसवा. मोबाइल तोंडाजवळ नेला की नाक फुगतं, म्हणून थोडं लांबून काढा.

आता आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्याचं. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, ॲक्रिलिक (पाण्यात मिसळायचा, लवकर सुकणारा रंग) ताटलीतच सुकतं. मग लोक त्यात पाणी ओततात. पाणी फार झालं की रंगाला धरून ठेवणारा चिकटपणा कमी होतो, थर कच्चा राहतो. त्यापेक्षा स्टीलच्या ताटात ओलं फडकं पसरा, वर बटर पेपर ठेवून त्यावर रंग काढा. कूलरच्या थेट झोतात बसू नका. पावसाळ्यात उलटं होतं, थर लवकर सुकत नाही आणि ओल्यावर ओला घासून रंग मळतो. फटकारा दिला की हात उचला. चुकला तर पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या बोथट सुरीने) खरवडून पुन्हा द्या.

काळ्या कुत्र्यासाठी नुसता ट्यूबमधला काळा वापरला तर अंग सपाट दिसतं. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून गडद करा. पाठीवर आभाळाचा निळसर उजेड पडतो, तोही दाखवा.

डोळ्यांपाशी मात्र सावकाश जा. कुत्र्याच्या डोळ्यात पांढरा भाग फारसा दिसत नाही. तो मोठा रंगवला की चेहरा माणसाचा होतो. चमकेचा ठिपका मधोमध नको, उजेड येतो त्या बाजूला, दोन्ही डोळ्यांत सारखाच हवा. वरच्या पापणीची सावली बुबुळावर द्या, नाहीतर डोळे वटारल्यासारखे दिसतात.