स्लीपमध्ये ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी रात्रीत का उतरते?

आधी लॅपटॉपची झोप कोणत्या प्रकारची आहे ते बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी स्लॅश ए' ही कमांड द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत). उपलब्ध प्रकारांच्या यादीत एस-३ दिसलं तर झोप खरी: फक्त रॅमला वीज जाते, बाकी जवळपास सगळं बंद. एस-० दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय, म्हणजे स्क्रीन काळी पण वाय-फाय, अपडेट्स, मेल अधूनमधून चालूच. बॅगेत लॅपटॉप गरम होतो तो बहुतेकदा यामुळेच.

कोण जागं ठेवतंय हे 'पॉवरसीएफजी स्लॅश स्लीपस्टडी' सांगतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. मागच्या ३ दिवसांचा अहवाल मिळेल. दोषी बऱ्याचदा नेटवर्क कार्ड किंवा जुना ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) असतो. यूएसबी डाँगल लावून ठेवलं असेल तर आधी तेच काढा.

उपाय हायबरनेट. यात रॅममधला मजकूर डिस्कवर लिहिला जातो आणि वीजवापर जवळजवळ शून्यावर येतो. पॉवर ऑप्शन्समध्ये 'हायबरनेट आफ्टर' ६० मिनिटांवर ठेवा. क्रिटिकल बॅटरी ॲक्शनही (बॅटरी संपत आल्यावर लॅपटॉपने काय करायचं ते) हायबरनेटच हवी, पातळी ५ ते ७ टक्के. बॅटरी जुनी असेल तर १० ठेवा, कारण तिचा आकडा शेवटी एकदम कोसळतो आणि न साठवलेलं काम जातं.

लिथियम-आयन बॅटरी मुद्दाम शून्यावर आणू नका. संरक्षक सर्किट वेळीच वीज तोडतं, पण तशीच महिनोन्‌महिने पडली तर सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) आणखी घसरून ती चार्जच घेत नाही. लॅपटॉप दीर्घकाळ ठेवायचा असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज ठेवून पूर्ण शटडाउन करा.