लिनक्सवर मुलांसोबत एकाच पडद्यावर खेळताना

मुंबईच्या पावसात मुलांना खाली खेळायला सोडता येत नाही, तेव्हा घरातल्या लिनक्स संगणकावर 'सुपरटक्सकार्ट' हा मोफत शर्यतीचा खेळ बसवावा. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर तो सॉफ्टवेअरच्या भांडारातूनच मिळतो आणि पडदा विभागून एका वेळी आठ जणांना खेळता येतो, अर्थात घरातल्या पडद्यावर खेळाडू चारांच्या पुढे गेले की गाड्या फारच लहान दिसतात. खरी अडचण कीबोर्डची असते. साध्या कीबोर्डवर अनेक कळा एकदम दाबल्या की काही कळा नोंदल्याच जात नाहीत, आणि मग "माझी गाडी वळतच नाही" या तक्रारीवरून भांडण जुंपते, ज्यात बहुधा मुलाचेच म्हणणे बरोबर असते. त्यासाठी दुसरा यूएसबी कीबोर्ड जोडून खेळाच्या सेटिंगमध्ये त्याला वेगळ्या कळा नेमून द्याव्यात, किंवा लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून वायरचे गेमपॅड (हातात धरून खेळायचे बटणांचे साधन) आणावेत. बहुतेक यूएसबी गेमपॅडना लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. खेळाडू निवडताना प्रत्येकाने आपापल्या साधनावरील 'फायर'ची कळ दाबली, की त्याची जागा पक्की होते. एचडीएमआयने टीव्ही जोडल्यास ध्वनीच्या सेटिंगमध्ये टीव्ही निवडावा आणि कळ दाबल्यावर चित्र उशिरा हलू नये म्हणून टीव्हीचा 'गेम मोड' सुरू करावा.