आधी पान उलटा, मग फवारा

मिरचीची पानं वाकडी झाली की आमच्या गोव्यात, डिचोलीकडे पहिला सल्ला हमखास मिळतो: 'साबणाचं पाणी मार.' मीही मारलं होतं. कपड्यांची पावडर अंदाजाने पाण्यात ढवळली आणि भर दुपारी फवारली. दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. किडे मात्र पानांखाली सुखरूप होते, कारण माझा फवारा वरूनच पडला होता.

पावसाच्या झोडीत या बारीक किडी फारशा टिकत नाहीत. चतुर्थी उरकली, पाऊस ओसरला आणि परसात मिरची, वांगी, भेंडी, अळसांदे (चवळी) लावले की या किडींचे दिवस सुरू होतात.

१. ओळख पटवा

आठवड्यातून दोनदा सकाळी झाडांपाशी जा. शेंड्याची आणि मधली चार-पाच पानं उलटी करून बघा. नजर पोचत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

अळसांद्याच्या कोवळ्या शेंड्यावर किंवा शेंगेवर काळे ठिपके दाटीने चिकटलेले असतील तर तो मावा. याच्या माद्या नराशिवायही थेट पिल्लं घालतात, म्हणून सोमवारी दहा दिसलेले रविवारी मोजता येत नाहीत. झाड हलवल्यावर पांढरा भुरका उडाला तर पांढरी माशी. भेंडी-वांग्याच्या पानाला हात लावताच हिरवट किडा तिरका चालत निसटला तर तुडतुडे. पानाच्या कडा पिवळ्या पडून वळतात. खोडाच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण.

खरी गल्लत मिरचीत होते. फूल पांढऱ्या कागदावर झटका. धाग्याच्या तुकड्यासारखे पिवळसर किडे चालू लागले तर ते फुलकिडे. यांच्यामुळे पानं होडीसारखी वर वळतात. पानं खाली वळली असतील, लांबुळकी झाली असतील, तर बहुधा पिवळे कोळी, जे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत. कोळी हा कीटक नव्हेच, त्याला आठ पाय. म्हणूनच किड्यांवरचं औषध त्याच्यावर चालेलच असं नाही. त्याच्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक वापरतात, तेही कडक उन्हात नाही.

२. मुंग्या बघा

खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समजा. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या येतात आणि बदल्यात त्यांची राखण करतात. त्याच चिकट थरावर नंतर काळी बुरशी चढते. मुंग्या अडवल्या की निम्मं काम होतं.

३. पाणी, हात, मग औषध

माव्यावर पाइपाची जोरदार धार मारा, अर्थात पानांच्या खालून. खाली पडलेले बहुतेक परत चढत नाहीत. पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने काढता येतो. फारच भरलेला शेंडा खुडून साबणपाण्याच्या बादलीत टाका.

एवढ्याने भागलं नाही तर 1 लिटर पाण्याला 5 मिली कडुनिंबाचं तेल. तेल पाण्यात मिसळत नाही, तेव्हा आधी ते थोड्या सौम्य द्रव साबणात घोटा आणि मग पाणी घाला. दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. करपली नाहीत तर संध्याकाळी सगळ्या झाडांना, पानांच्या खालच्या बाजूने मारा. उन्हात कडुनिंबाचा जोर लवकर उतरतो आणि सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. सगळी अंडी याने मरत नाहीत, म्हणून सात दिवसांनी पुन्हा मारावं लागतं.

पिवळ्या पत्र्याला एरंडेल फासून टांगला तर पांढरी माशी आणि पंखांचा मावा चिकटतो. फुलकिड्यांसाठी निळा रंग. यातून कीड संपत नाही, किती वाढली ते कळतं.

माव्यात काळी-नारिंगी, काटेरी, मगरीच्या पिल्लासारखी अळी दिसली तर चिरडू नका. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, मावा खाणारी. मी कित्येक मारल्या असतील!

आणि युरियाचा हात आवरा. भरपूर नत्र मिळालेला लुसलुशीत शेंडा माव्याला फार आवडतो.

४. उपटायचं कधी

आमच्या सात शिरांच्या, म्हणजे सात धारांच्या भेंडीच्या पानांवर पिवळ्या शिरांचं जाळं उमटलं तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, हळद्या. मिरचीचा चुरडामुरडाही (पानं आकसून चुरगळण्याचा रोग) पुष्कळदा असाच येतो. यावर औषध नाही, झाड काढावंच लागतं. मात्र उपटण्याआधी त्यावर साबणपाणी मारा, नाहीतर धक्का लागताच माश्या उडून शेजारच्या झाडावर जाऊन बसतात.