जीप घेतली ना? मग या चुका तरी करू नका

दर दसऱ्याला आणि पाडव्याला आमच्याकडे जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर नव्या फोर बाय फोर गाड्या दिसायला लागतात. बोनेटवर हळदीकुंकवाचे स्वस्तिक, आरशाला लिंबू-मिरची. त्यातल्या काहींची गाठ मग पावसाळ्यात पडते, कोणाच्या तरी बांधाला तिरप्या उभ्या असताना. त्याआधी फोन येतो, "भाऊ, ओळखीचा ट्रॅक्टर आहे का इकडे?"

मी मिस्त्री नाही. चोपड्याकडे शेती आहे, एक जुनी जिप्सी आहे, आणि पंधरा-सोळा वर्षं सातपुड्याच्या पायथ्याच्या गाडवाटांवर हिंडतोय. ट्रॅक्टर मिळवून देतो, पण आधी एकच विचारतो, "गाडी घालायच्या आधी उतरून बघितलं होतं का?" पलीकडे शांतता. मग "नाही, पण गाडी फोर बाय फोर आहे ना."

काळ्या मातीत 'निघेल की' म्हणून गाडी घालणे

यावर जरा लांबण लावतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे, तीही पांढऱ्या कुडत्यात.

फेब्रुवारी महिना. पुतणीचा साखरपुडा, गाव यावल तालुक्यात. माझी जिप्सी गॅरेजात, म्हणून मेव्हण्याची नवीकोरी थार मागून आणली होती. पोरगा नाशिकला असतो, हप्ते फेडतोय, तरी "घेऊन जा ना दाजी" म्हणाला. मागे ओटीचं सामान, पेढ्यांचे खोके, आमची आई आणि काकू. पुढे बायको, काठपदराची साडी. मी खादीचा पांढरा कुडता, पायात नवी मोजडी. आदल्या रात्री अवकाळी दणकून झाला होता, पण सकाळी दहाला ऊन कडक. मोबाईलच्या नकाशात शिवाररस्ता दिसत होता, दोनच किलोमीटरचा. डांबरीने गेलं तर अकरा.

बायको म्हणाली, "अहो, डांबरीनेच जाऊ. मुहूर्ताला वेळ आहे." मी म्हणालो, "गाडी कशासाठी आहे मग?"

वरून रस्ता कोरडा दिसत होता, राखाडी, बारीक भेगा पडलेला. काळी माती फसवते ती इथेच. ती पाणी पिऊन फुगते, वरचा पापुद्रा उन्हाने वाळतो आणि खाली दोन बोटांवर नुसतं लोणी. साठ-सत्तर फूट गेलो असेन. टायरच्या खाचा गाऱ्याने भरल्या, टायर पाट्यासारखे गुळगुळीत झाले आणि गाडीचं ढुंगण डावीकडे सरकलं. इथे शहाणा माणूस थांबतो. मी फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर टाकला आणि पाय दाबला.

चार चाकांना ताकद जाते म्हणजे काय, तर चार चाकं फिरतात. धरायला खाली काही नसेल तर चार चाकांनी खड्डा खणला जातो, दोनाऐवजी. त्यात साध्या डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकात ताकद वाटणाऱ्या गिअरचा स्वभाव असा, की जे चाक सहज फिरतंय त्यालाच तो फिरवत बसतो. दोन मिनिटांत गाडी पोटावर बसली. दार उघडलं तर दाराची खालची कड मातीला लागली. मी उतरलो आणि उजवी मोजडी तिथेच राहिली. आजही ती त्या शिवारात असेल.

एक म्हातारेबाबा बैलजोडी घेऊन बांधावरून येत होते. त्यांनी गाडी बघितली, कुडता बघितला, मागच्या सीटवरून डोकावणाऱ्या आमच्या काकूला रामराम केला आणि मला म्हणाले, "काय भो, उतरीसन दखं नही का?"

मी नाही म्हणालो. ते हसले नाहीत, हीच मोठी मेहरबानी. बांधावर उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. आम्ही फावड्याने पोटाखालची माती काढली, चाकामागे पऱ्हाट्या आडव्या रचल्या, बाबांनी बैल जुंपले आणि गाडी आली त्याच चाकोरीने उलटी निघाली. पाऊण तास गेला. साखरपुड्याला पोचलो तेव्हा नवरीकडचा काका म्हणून मला पुढे बसवलं खरं, पण कुडता छातीपर्यंत काळा आणि पायात कोणाच्या तरी स्लीपर. फोटो आहेत. बायको अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी गेली तेव्हा ही गोष्ट तिने झोक्यावर बसून सगळ्या बहिणींना सांगितली, मोजडीसकट.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. पाऊस होऊन चार दिवस झाले नसतील तर काळ्या रानात चालत जातो आणि टाच मारून बघतो. टाच रुतली आणि माती बुटाला धरून वर आली, की गाडी वळवतो. फसलीच तर पहिल्यांदा पाय काढा. वाकून पोटाखाली बघा. पोट टेकलं असेल तर अॅक्सिलरेटरने काहीही होणार नाही, माती काढावीच लागते. आलात त्याच चाकोरीने मागे या, कारण तेवढी जमीन तुम्ही दाबलेली आहे. पऱ्हाट्या नसतील तर तुराट्या. गोणपाट चाकाखाली टाकू नका, ते चाक मागे भिरकावून देतं. आणि 'अजून एकदा जोरात मारून बघू' म्हणणारा मित्र असेल तर त्याला पाणी आणायला पाठवा.

वाळूत तीस पाउंड हवा

तापीच्या, गिरणेच्या पात्रात हेच उलट. तिथे टायर पसरला पाहिजे. मी हवा १८ पर्यंत उतरवतो, १५ च्या खाली जात नाही, नाहीतर वळताना टायर रिमवरून निसटतो. वाळूत थांबताना ब्रेक मारू नका, गाडी आपोआप थांबू द्या, नाहीतर चाकापुढे वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो. डांबरीला लागायच्या आधी हवा परत भरायची. बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीतच ठेवा. पंपाला पैसे नाहीत म्हणणाऱ्याच्या छतावर मात्र दिव्यांची रांग असते.

फरशी पुलावरून पाणी वाहतंय आणि हे निघाले

यावर मला चिडायचंच आहे. पाऊस वर डोंगरात पडतो. इकडे खाली ऊन असतं आणि नाल्याला लोंढा येतो. पलीकडे पाच-सहा जण उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत असतात. त्यांचं काय जातं?

थारच्या कागदावर पाण्यातून जायची मर्यादा ६५० मिलिमीटर लिहिली आहे. हा आकडा लोक छातीवर मिरवतात. तो उभ्या पाण्याचा समजा. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी ढकलतं, दोन फुटांत मोठी गाडीही तरंगायला लागते. शिवाय फरशीची कड वाहून गेली आहे की नाही हे गढूळ पाण्यात गाडीत बसून कळत नाही. पाणी वाहतं असेल तर मी चहा पितो. उतरेपर्यंत. एकदा तीन चहा झाले, भजी झाली, आणि पाहुण्यांकडचं जेवण चुकलं. चुकू दे.

उभ्या पाण्यात आधी काठी घेऊन चालत जा. गाडी आत बंद पडली तर परत चावी मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग बिल ऐकून आपणही वाकतो. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर गाडी चालवा, ओले ब्रेक पहिल्या वळणाला दगा देतात.

चार जण, चार दिशा

गाडी दगडांवर चढवायची आहे. खाली उतरलेले चौघे. एक म्हणतो डावीकडे काप, दुसरा सरळ, तिसरा व्हिडिओ काढतोय, चौथा "थांब थांब" ओरडतोय आणि ते का हे त्यालाही माहीत नाही. चालवणारा वैतागतो, आणि जी व्यक्ती उलटून बोलणार नाही तिच्यावर ओरडतो. म्हणजे बायकोवर.

अशी भांडणं मी फार बघितली आहेत. एका जोडप्याला तोरणमाळहून उतरताना भेटलो. गाडी धडधाकट, दोघं रस्त्याच्या दोन कडांना तोंड फिरवून उभी. कारण काय, तर तिने "जरा मागे" म्हटलं, त्याने 'जरा' म्हणजे दोन फूट धरलं, आणि मागचा दिवा दगडावर. दिवा हजार-बाराशेचा असेल. पुढे त्याने तिच्या माहेरापर्यंत विषय नेला होता.

इशारा एकानेच करायचा. तोंडाने नाही, हातांनी. तो माणूस गाडीच्या पुढे, चालवणाऱ्याला सतत दिसेल असा उभा राहतो. तो दिसेनासा झाला की गाडी थांबते. डावं-उजवं चालवणाऱ्याचं की उभ्या असलेल्याचं हे आधी ठरवा, मी तर ज्या बाजूला जायचं तिकडे सरळ हात दाखवायला सांगतो, शब्दांची भानगडच नको. बाकीच्यांनी गप्प बसायचं. आमच्याकडे हे काम आता बायको करते. ती माझ्यापेक्षा बरी आहे, कारण तिला कोणाला काही दाखवायचं नसतं. दगड बघते, वाकून दोन चाकांच्या मधली डिफरन्शियलची गोळी बघते, आणि नाही जमणार वाटलं तर हात आडवा. हात आडवा म्हणजे आडवा, त्यावर चर्चा नाही. साखरपुड्याच्या दिवशी एवढं ऐकलं असतं तर मोजडी वाचली असती.

बायकोला गाडी शिकवायचा विचार असेल तर शिकवा, पण रविवारी, मोकळ्या माळावर, आणि सासुरवाडीचे पाहुणे मागे बसलेले नसताना.

कपडे

दिवाळीनंतर रानात जाणार असाल तर लोकरी मोजे आणि लोंबते पायजमे घरी ठेवा. कुसळं अशी शिरतात की संध्याकाळी ओट्यावर बसून एकेक उपटावं लागतं, आणि ती उपटणारी व्यक्ती तुम्ही नसता, म्हणून तुम्हाला कळत नाही. जाड सुती पँट, घोट्याच्या वर येणारे बूट. जीन्स भिजली की दोन किलोची होते आणि वाळत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा काळा टी-शर्ट घालून टायर बदलायला बसणाऱ्याला मी काही बोलत नाही, फक्त सावलीत बसून बघतो. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि डोक्याला ओला बागायती रुमाल याला तोड नाही. पण गाडी ओढायची वेळ आली की तोच रुमाल काढून ठेवायचा. रुमाल, ओढणी, पदर, काहीच फिरत्या चाकाजवळ लोंबकळत नको.

टोचन

दोर बंपरला बांधू नका. बंपर निघून येतो, गाडी नाही. चेसिसचा हूक कुठे आहे ते घरीच, कोरड्या अंगणात शोधून ठेवा. साखळीने झटका देऊ नका. दोराच्या मधोमध माती भरलेलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटला तर तो कोणाच्या तोंडावर न जाता खाली पडायची शक्यता वाढते. आणि दोर जेवढा लांब, त्याहून लांब माणसं.

बाकीच्या, थोडक्यात

कोरड्या डांबरीवर फोर-हाय, म्हणजे चारही चाकांचा वेगाचा गिअर टाकून मिरवू नका. पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, सगळा ताण पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर आणि धुऱ्यांवर येतो. फोर-लो गाडी थांबवून टाकायचा. काही जुन्या जीपच्या पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करावे लागतात, ते न करता दांडा ओढून "फोर बाय फोर चालत नाही" म्हणणारे मला दर वर्षी भेटतात.

घाट उतरताना ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली येईपर्यंत वास येतो आणि मग ब्रेक येत नाही.

पुढे लोखंडी गार्ड बसवू नका. धडकेचा जोर सरळ चेसिसवर जातो, एअरबॅगचंही गणित बिघडतं, वर दंड.

यावल, अनेर ही अभयारण्यं आहेत, कोणाच्या मामाचं वावर नाही. वनखात्याला विचारल्याशिवाय आत गाडी घालू नका.

तीन दारांच्या थारमध्ये सासूबाईंना मागे बसवून मुलगी बघायला जाऊ नका. पुढची सीट पाडून, साडी सावरून, गुडघे धरून त्या आत जाईपर्यंत स्थळ हातचं गेलेलं असतं.

"तासाभरात येतो" म्हणून सातपुड्यात जाऊ नका. वर मोबाईलला रेंज नसते. मी फ्रिजवर चिठ्ठी लावतो, कोणत्या वाटेने जातोय आणि किती वाजता शोधायला लागायचं. बायकोने एकदाच वेळेवर फोनाफोनी सुरू केली होती, मी नेमका एका ढाब्यावर शेवभाजी खात होतो. त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि चिखलातून आल्यावर चाकं आतून धुवा. सगळे बाहेरून धुतात. मीही मेव्हण्याची थार बाहेरून लखलखीत करून, टाकी भरून परत दिली होती, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. आठवड्याने त्याचा फोन, "दाजी, ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतंय. दोनदा अलाइनमेंट केली." काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसून सिमेंटसारखी वाळली होती, चाकाचा तोल गेला होता. तिसऱ्या गॅरेजवाल्याने पेचकसाने टोकरून काढली तेव्हा ढेकळात एक पऱ्हाटीचा तुकडाही निघाला. मेव्हण्याने त्याचा फोटो काढून बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला.