घरच्या ईव्ही चार्जरसाठी वायर कशी निवडायची

इलेक्ट्रिक गाडी (ईव्ही) बुक झाली की लोकांचा पहिला प्रश्न असतो चार्जर कुठला घेऊ, आणि वायरचं काय ते इलेक्ट्रिशियन बघेल. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. चार्जर बिघडला तर बदलता येतो, भिंतीत गेलेली वायर बदलायची म्हणजे भिंत फोडायची. स्वतःच्या घरी दोनदा आणि नातेवाईक-मित्रांच्या घरी बऱ्याचदा हे काम उभं राहून करून घेतलंय, म्हणून सांगतोय. जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण वायर कुठली हे तुम्हाला स्वतःला कळलं पाहिजे.

आधी अँपिअर काढा. चार्जरच्या वॅटला २३० ने भागा, झालं. ३.३ किलोवॅटचा चार्जर साधारण १४-१५ अँपिअर ओढतो, ७.४ किलोवॅटचा ३२. थ्री फेजवर ११ किलोवॅट तीन फेजांत वाटले जातात, म्हणून प्रत्येक फेजमध्ये १६ च येतात. मंजूर लोड पुरतो का ते वीज बिलावर बघा, नसेल तर आधी वाढवून घ्या.

मग मेन बोर्डापासून चार्जरपर्यंतचं अंतर मोजा, आणि ते वायर जिथून जाणार त्या रस्त्याने मोजा. भिंतीवर चढणं, वळणं, उतरणं सगळं धरून. सरळ टेप लावून १५ मीटर सांगितलेलं अंतर प्रत्यक्षात २२ निघालेलं मी बघितलंय.

आता खरं काम, वायरची जाडी. इथेच सगळे चुकतात आणि मीही चुकलो होतो.

७.४ किलोवॅटच्या चार्जरला "चारची वायर आरामात चालते" (म्हणजे आतल्या तांब्याचं क्षेत्रफळ ४ स्क्वेअर एमएम असलेली) असं सांगणारे भेटतात, ते म्हणतात गीझरला चालते, एसीला चालते, मग ह्याला का नाही. अहो गीझर वीस मिनिटात बंद होतो, एसीचा कॉम्प्रेसर मधेमधे थांबतो, गाडी मात्र रात्री अकराला लावली की पहाटे पाचपर्यंत न थांबता ३२ अँपिअर ओढत बसते. वायरला थंड व्हायला फुरसतच नाही. ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमधून ३२ अँपिअर गेले तर जाणारी-येणारी मिळून दर मीटरला ९ वॅटच्या वर उष्णता निघते, म्हणजे २० मीटरच्या लाइनीत जवळपास १९० वॅट तुमच्या भिंतीत रात्रभर तापत राहतात. १० स्क्वेअरमध्ये हाच आकडा मीटरला ४ वॅटच्या खाली येतो.

मी माझ्या पहिल्या चार्जरला ६ स्क्वेअर टाकली होती. कागदावर बरोबर होतं, ६ ची पीव्हीसी वायर पाइपातून नेली तर ४१ अँपिअर झेपतात आणि मला हवे होते ३२. पण तो ४१ चा आकडा भोवतालचं तापमान ३० अंश असताना आणि पाइपात तेवढी एकच लाइन असताना आहे, हे मी वाचलंच नव्हतं. ४० अंशाला त्याला ०.८७ ने गुणायचं, म्हणजे उरले साडेपस्तीस. वरून भिंत फोडायला नको म्हणून एसीच्याच जुन्या पाइपातून वायर ओढली, तर दोन लाइनी एकमेकींना तापवतात म्हणून परत ०.८ ने गुणायचं, उरले साडेअठ्ठावीस. चार्जर मागतोय ३२!

थंडीत सगळं नीट चाललं. उन्हाळा आला आणि चार्जिंग सुरू झाल्यावर दीड-दोन तासांनी ३२ चा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा बोर्डातला स्विच) पडायला लागला. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने ६३ चा एमसीबी बसवला आणि पडणं बंद झालं. मी खूश. काही आठवड्यांनी बोर्डाजवळ जळकट वास यायला लागला, मेन बंद करून झाकण काढलं तर न्यूट्रलचं काळं आवरण टर्मिनलपासून बोटभर लांबीपर्यंत तपकिरी झालेलं, नखाने दाबल्यावर मऊ लागायला हवं ते कडक होऊन तडकलं. स्क्रूही ढिला होता. मुलं त्याच भिंतीपलीकडे झोपायची. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो आणि आम्ही वायरचा तोच राखणदार काढून टाकला होता, म्हणून कळकळीने सांगतो, एमसीबी पडतोय म्हणून मोठा एमसीबी बसवू देऊ नका. कोणी कितीही अनुभवी असो. तो का पडतोय ते शोधा.

तेव्हा हिशोब असा ठेवा, चार्जरचा करंट सगळ्यात कमी, एमसीबी त्याच्या वर, आणि वायरची प्रत्यक्ष क्षमता (तापमान, पाइप सगळं वजा करून) एमसीबीच्याही वर. ३२ च्या चार्जरला ३२ चाच एमसीबी कागदावर चालतो पण बंद डब्यात तासन्‌तास पूर्ण लोडवर तो तापून पडतो, म्हणून मी ४० चा लावतो. आता वायर ४० च्या वर हवी. ६ ची उन्हाळ्यात साडेपस्तीसवर येते, म्हणजे बाद. १० ची ५७ पासून सुरू होते आणि ४० अंशालाही जवळपास ५० राहते. पण तीच दुसऱ्या लाइनीबरोबर एका पाइपात घातली तर चाळिशीच्या किंचित खाली येते, म्हणून स्वतंत्र पाइप, यात तडजोड नाही. ७.४ किलोवॅटला १० स्क्वेअर तांबं, वेगळ्या पाइपात, हे माझं ठाम मत. ३.३ ला ४ स्क्वेअर आणि २० चा एमसीबी, पण तीही थेट मेन बोर्डापासून वेगळी ओढलेली, आहे त्या सॉकेटच्या लाइनीवर नाही. एक्स्टेंशन बोर्ड तर विषयच नको.

स्क्वेअर एमएम म्हणजे आतल्या तांब्याचं क्षेत्रफळ, वरच्या प्लास्टिकची जाडी नाही. काही वायरी बाहेरून गुबगुबीत दिसतात आणि सोलल्यावर आत तारा कमीच. दुकानातच टोक सोलून बघा. ॲल्युमिनियमची घेऊ नका, ते स्क्रूखाली हळूहळू दबतं, वर ऑक्साइड चढतं आणि जोड तापतो.

अंतर जास्त असेल तर व्होल्टेज ड्रॉपही, म्हणजे वायरीत वाटेतच किती व्होल्ट घटतात तेही बघा. ३२ अँपिअरवर ३० मीटरला ६ स्क्वेअरमध्ये ६ व्होल्टच्या आसपास जातात, १० मध्ये साडेतीन. मी ३ टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे ७ व्होल्टच्या पुढे जाऊ देत नाही.

अर्थिंगची हिरवी वायर फेजइतकीच जाडीची घ्या. पाण्याच्या पाइपाला गुंडाळून केलेलं अर्थिंग चालणार नाही.

आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा. चार्जरच्या आत ६ मिलिअँपिअर डीसी गळती पकडायची सोय असेल तर टाइप ए पुरतो, नसेल तर टाइप बी लागतो. साधा टाइप एसी लावू नका, गाडीकडून डीसी गळती झाली तर तो ऐन वेळी आंधळा होऊ शकतो.

बारीक तारांची वायर असेल तर टोकांना लग (तारा एकत्र दाबून धरणारी धातूची टोपी) लावून मगच टर्मिनलमध्ये घालायची. मधे कुठेही जोड नाही, अख्खी लाइन एका तुकड्यात.

सगळं झालं की गाडी बरीच रिकामी असताना लावा आणि दोन तास तिथेच थांबा. क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर) करंट बघा, तासातासाने एमसीबीच्या पुढच्या प्लास्टिकला आणि पाइपाला हाताचा मागचा भाग लावून बघा. कोमट चालेल, हात काढून घ्यावासा वाटला तर लगेच चार्जिंग बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि महिन्याभराने मेन बंद करून बोर्डातले नि चार्जरमधले सगळे स्क्रू त्याच्याकडून परत एकदा आवळून घ्या, नवी वायर दबून बसते तसे ते थोडे ढिले होतातच.